मंगळ वक्री होताना: इंदूरच्या गच्चीवरून वेध घेण्याची क्रमवार पद्धत

मंगळ वक्री होणार, म्हणजे ताऱ्यांमध्ये उलट दिशेने सरकताना दिसणार, असं कळलं की बरेच जण वही घेऊन गच्चीवर जातात आणि तीन आठवड्यांत वही मिटून ठेवतात. अशा वह्यांमध्ये चूक बहुतेक एकच असते. मंगळाची जागा शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून, समोरच्या कडुनिंबावरून किंवा घड्याळावरून लिहिलेली असते. त्या नोंदींतून पृथ्वीचं स्वतःभोवतीचं फिरणं दिसतं, वक्रगती दिसत नाही. वक्रगती पाहायची तर मोजमाप ताऱ्यांशी करावं लागतं, आणि कामांचा क्रम पाळावा लागतो.

इथे दिलेला क्रम २०२६-२७ च्या हिवाळ्यासाठी आहे. मंगळ १० जानेवारी २०२७ च्या सुमारास वक्री होईल, १९ फेब्रुवारीला सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत येईल आणि १ एप्रिलच्या सुमारास पुन्हा मार्गी होईल, म्हणजे नेहमीच्या दिशेने चालू लागेल. हे सगळं सिंह राशीतल्या ठळक मघा ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना घडणार आहे. नवशिक्यासाठी याहून सोयीची जागा आकाशात क्वचितच मिळते.

## १. तीन गती आधी वेगळ्या करा

हा टप्पा कागद-पेन्सिलीशिवायचा आहे, पण तो वगळला तर पुढचं सगळं वाया जातं.

पहिली गती रोजची. सगळं आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतं, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. दुसरी गती वर्षाची. तोच तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. हा पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या प्रवासाचा परिणाम. तिसरी गती ग्रहाची ताऱ्यांमधली. एरवी मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, आणि वक्री असताना पूर्वेकडून पश्चिमेकडे.

घोळ इथेच होतो. वक्री मंगळाची दिशा आणि रोजच्या फिरण्याची दिशा एकच. म्हणून पहिल्याच रात्री दोन तासांत मंगळ पश्चिमेला गेलेला पाहून लोक "वक्री दिसला" असं लिहून मोकळे होतात. त्या दोन तासांत शेजारची मघाही तेवढीच पश्चिमेला गेलेली असते, तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं.

तपासणी: "मंगळ सरकला" असं लिहिण्याआधी "कशाच्या तुलनेत?" याचं उत्तर लिहा. उत्तरात ताऱ्याचं नाव नसेल तर ती नोंद खोडा.

## २. कागदावर पृथ्वी आणि मंगळ चालवून पाहा

वेध सुरू करण्याआधी ही आकृती काढाच. आपल्याला ग्रहाचा मार्ग दिसत नसतो. चालत्या पृथ्वीवरून चालत्या ग्रहाकडे जाणाऱ्या रेषेची दिशा तेवढी दिसते. हे वाचून पटत नाही, काढून पटतं.

लागेल ते: मोठा कागद, कंपास, कोनमापक, पट्टी आणि दोन गुण्या.

अ) मध्यभागी सूर्याचा बिंदू घ्या. त्याभोवती १० सेंटीमीटर त्रिज्येचं पृथ्वीचं आणि १५.२ सेंटीमीटर त्रिज्येचं मंगळाचं वर्तुळ काढा. सूर्यापासूनच्या सरासरी अंतरांचं खरं प्रमाण साधारण हेच आहे.

आ) सूर्यापासून एक आडवी रेषा काढा. ती दोन्ही वर्तुळांना जिथे छेदते तिथे शून्य लिहा. हा प्रतियुतीचा दिवस.

इ) पृथ्वीच्या वर्तुळावर शून्याच्या दोन्ही बाजूंना दर १५ अंशांवर, मंगळाच्या वर्तुळावर दर ८ अंशांवर खुणा करा. उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत क्रमांक द्या. वाढते क्रमांक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हवेत, कारण उत्तरेकडून पाहिलं तर दोन्ही ग्रह तसेच फिरतात. एक खूण म्हणजे सुमारे १५ दिवस. पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किलोमीटर धावते, मंगळ २४. त्यात तिची कक्षाही लहान, म्हणून तिचा कोन जवळजवळ दुप्पट.

ई) सारख्या क्रमांकांचे बिंदू जोडा: पृथ्वी उणे पाच ते मंगळ उणे पाच, आणि असंच पुढे. ही तुमच्या नजरेची रेषा.

उ) आता सगळ्यात महत्त्वाचं. या रेषा वाढवून बाहेरच्या एखाद्या "ताऱ्यांच्या वर्तुळावर" नेऊ नका. जवळजवळ प्रत्येक शाळकरी आकृतीत तसंच केलेलं असतं. पण तारे इतके दूर आहेत की कागदावरचं कुठलंही वर्तुळ त्यांच्यासाठी फार जवळचं ठरतं आणि कोन चुकतात. त्याऐवजी दोन गुण्या एकमेकींवर सरकवून प्रत्येक रेषेला समांतर रेषा सूर्याच्या बिंदूतून काढा, आणि आडव्या रेषेशी तिचा कोन मोजा.

तपासणी: शून्यानंतरच्या पहिल्या खुणेला रेषा साधारण ५ अंश मागे गेलेली हवी, दुसऱ्या खुणेला पावणेआठ, तिसऱ्याला साडेसात, चौथ्याला साडेचार. पाचव्या खुणेला ती जवळजवळ शून्यावर परत येते. उणे बाजूला हेच आकडे पुढच्या दिशेने मिळतात. तुमचे आकडे यापासून एक अंशाहून जास्त हटले तर क्रमांक चुकलेत. बहुधा एका वर्तुळावर उलट दिशेने गेलेत.

दोन्ही ग्रह सगळा वेळ पुढेच गेले, एकही बिंदू मागे आला नाही, तरी मधल्या दोन-अडीच महिन्यांत रेषा मागे वळली. वक्रगती ती हीच. राऊच्या पुढे मुंबई रस्त्यावर आपली गाडी ट्रकला ओलांडत असते तेव्हा तो ट्रक दूरच्या टेकड्यांसमोर मागे जाताना दिसतो, तसंच हे.

आकृतीत वक्री कंस सुमारे १६ अंशांचा येतो. २०२७ मध्ये आकाशात तो साडेएकोणीस अंशांच्या आसपास असेल. हा फरक तुमच्या हाताचा नाही. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि त्या वेळी तो सूर्यापासून दूरच्या टोकाकडे, म्हणजे संथ चालीत असेल. संथ ग्रहाला ओलांडताना तो जास्त मागे पडल्यासारखा दिसतो.

## ३. नकाशा तयार करा, मंगळाशिवाय

स्टेलॅरियमसारख्या मोफत प्रणालीतून सिंह राशीचा नकाशा छापून घ्या. ग्रह बंद करून छापा. मंगळाच्या जागा आधीच छापलेल्या असतील तर हात आपोआप तिकडे वळतो आणि वेध राहतो बाजूला.

कागद आडवा ए-फोर घ्या आणि प्रमाण एका अंशाला एक सेंटीमीटर ठेवा. मघा मध्याच्या थोडी डावीकडे हवी: डावीकडे, म्हणजे पूर्वेला किमान ११ सेंटीमीटर आणि उजवीकडे किमान १४. क्रांतिवृत्ताची, म्हणजे ताऱ्यांमधून जाणाऱ्या सूर्याच्या वार्षिक मार्गाची रेषा छापून घ्या. मघा या रेषेपासून जेमतेम अर्धा अंश उत्तरेला आहे, म्हणून तिलाच शून्य मानून रेषेवर दोन्हीकडे अंशांच्या खुणा करा: पूर्वेला अधिक, पश्चिमेला उणे.

नकाशाच्या तीन-चार प्रती काढा. एक गच्चीवर न्यायची, दुसरी घरी, त्यावर सकाळी नीट उतरवून घ्यायचं.

सावध: आकाशाच्या नकाशात उत्तर वर असेल तर पूर्व डावीकडे असते, जमिनीच्या नकाशाच्या उलट. हा नकाशा डोक्यावर धरून पाहायचा असतो. कागद टेबलावर ठेवून दिशा "दुरुस्त" करायला जाऊ नका.

## ४. गच्चीवरची जागा आणि वेळ

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मघा मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर येते तेव्हा क्षितिजापासून जवळपास ७९ अंश वर असते आणि प्रतियुतीच्या सुमारास मंगळ त्याहूनही वर, जवळजवळ डोक्यावर. उभं राहून मान मोडत वेध घेतले की रेषा तिरक्या येतात. चटईवर पाय दक्षिणेला करून आडवं होणं उत्तम: डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम, हातातल्या नकाशासारखंच. घरातली वडीलधारी मंडळी उत्तरेला डोकं करू देत नसतील तर दक्षिणेकडे तोंड करून आरामखुर्ची लावा, काम तेवढंच चांगलं होतं.

वेळेची गल्लत नेहमीची. प्रतियुतीला ग्रह मध्यरात्री मध्यमंडलावर येतो हे पुस्तकातलं वाक्य खरं आहे, पण ती मध्यरात्र सूर्याची, घड्याळाची नव्हे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, इंदूर ७५.९ वर. त्यामुळे सुमारे साडेसव्वीस मिनिटांचा फरक पडतो, आणि फेब्रुवारीत सूर्य स्वतः आणखी चौदा मिनिटं मागे असतो. म्हणून १९ फेब्रुवारीच्या रात्री मंगळ डोक्यावर येईल तो पाऊण वाजण्याच्या आगेमागे. आपल्याकडे बहुतेक घरांचं एखादं माणूस ग्वाल्हेरला नाहीतर बडोद्याला असतंच. त्यांना सोबत घेतलंत तर सांगून ठेवा, ग्वाल्हेरला हे नऊ-एक मिनिटं आधी घडेल आणि बडोद्याला दहा-एक मिनिटं नंतर. ताऱ्यांमधली मंगळाची जागा मात्र तिन्ही गच्च्यांवरून एकच येईल. नाही आली तर कोणाचा तरी वेध चुकलाय.

महिन्यागणिक वेळ बदलते. नोव्हेंबरच्या अखेरीस मघा मध्यरात्रीच्या सुमारास उगवते, त्यामुळे पहाटे उठायला हवं. जानेवारीच्या सुरुवातीला मंगळ रात्री दहा-साडेदहाला पूर्वेला दिसू लागेल. एप्रिलमध्ये नऊ-साडेनऊलाच डोक्यावर असेल आणि मेच्या मध्याला संध्याकाळीच पश्चिमेकडे झुकू लागेल.

विजेरीला लाल जिलेटिन कागद बांधा आणि डोळ्यांना अंधारात पंधरा-वीस मिनिटं द्या. मोबाइल खिशात.

## ५. प्रत्यक्ष वेध: आधी तारे, मग मंगळ

हा क्रम मोडू नका.

अ) मघा शोधा, आणि तिच्यावरचा विळ्यासारखा आकार. विळ्याच्या मुठीशी मघा आहे. विळा दिसला नाही तर त्या रात्री वेध घेऊ नका.

आ) नकाशा आकाशाशी जुळवा. उगवताना सिंह आडवा पडलेला असतो: पूर्वेकडे तोंड केलं तर नकाशाची उत्तर बाजू डावीकडे येते. मावळताना ती उजवीकडे जाते. कागद फिरवा, मान फिरवू नका. उत्तर नक्की करायला ध्रुव पाहा. इंदुरातून तो क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या सव्वादोन मुठींएवढा वर असतो. बऱ्याच गच्च्यांवरून तो इमारतीमागे दडतो, म्हणून दिवसा एकदा दिशा आखून ठेवा.

इ) आता मंगळ. दोन्ही हातांत काळा दोरा ताणून धरा आणि मंगळ ज्या दोन ताऱ्यांच्या सरळ रेषेत बसतो ते तारे शोधा. नकाशावर ती रेषा पेन्सिलीने काढा. मग ताऱ्यांची दुसरी जोडी शोधा, पहिल्या रेषेला शक्य तितकी आडवी जाणारी. दोन रेषा छेदतात तिथे मंगळ.

दुसरी जोडी मिळत नसेल तर पहिल्या रेषेवरचं प्रमाण घ्या: मंगळ दोन ताऱ्यांच्या निम्म्यावर आहे, की एक-तृतीयांशावर? करंगळीची जाडी हात लांब करून साधारण एक अंश, मूठ दहा अंश. बारीक वेधाला हे माप पुरत नाही, ढोबळ चूक पकडायला मात्र उपयोगी.

ई) बिंदूशेजारी तारीख, वेळ आणि "रेषा चांगली" किंवा "रेषा अंदाजे" एवढं लिहा. हा शेवटचा शेरा फार कामाचा. दोन महिन्यांनी एखादा बिंदू ओळीबाहेर दिसला की तो ठेवायचा की सोडायचा ते यावरून ठरतं.

शहरातून विळ्यातले ठळक तारे दिसतात, पण मघेच्या पूर्वेचा ऱ्हो आणि पश्चिमेचा ओमायक्रॉन हे सिंहातले मंद तारे झगमगाटात हरवतात. १० बाय ५० ची दुर्बीण असेल तर ते सापडतील. नसेल तर महिन्यातून एकदा तरी सिमरोलच्या बाजूला किंवा नातेवाइकांच्या गावी जाऊन वेध घ्या.

सावध: मोबाइलने फोटो काढून त्यावरून जागा उतरवायची असेल तर स्टँडवर, मुख्य लेन्सने काढा आणि मघा व मंगळ दोन्ही मधल्या भागात ठेवा. रुंद लेन्स कडेचे तारे ताणते.

किती दिवसांनी? एरवी आठवड्यातून एकदा पुरे. फेब्रुवारीत मंगळ दिवसाला अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मागे जाईल, तेव्हा दर चार-पाच दिवसांनी. रोज वेध घेण्याचा हट्ट धरू नका. रोजचा फरक हाताच्या चुकीत बुडतो, माणूस निराश होतो आणि जिथे वेध हवेच असतात त्या मार्चमध्ये थकून थांबतो.

चंद्र: २० फेब्रुवारी २०२७ ला माघी पौर्णिमा आहे. पूर्ण चंद्र सूर्यासमोरच असतो आणि त्या वेळी मंगळही तिथेच, म्हणून चंद्र मघेच्या शेजारी येऊन बसेल. त्याच्या प्रकाशात बारीक तारे दिसणार नाहीत. प्रतियुतीचा वेध १४-१५ तारखेच्या आसपास आणि पुन्हा २४-२५ नंतर घ्या, मधला बिंदू वक्रावरून काढता येतो. मावठ्याचे ढग आणि जानेवारीतलं धुकं यांसाठीही दोन-तीन रात्री हाताशी ठेवा.

## ६. गुरूला मंगळ समजू नका, पण त्याचीही नोंद ठेवा

या मोसमात गुरूसुद्धा त्याच भागात वक्री असेल, १३ डिसेंबर २०२६ च्या सुमारापासून १३ एप्रिल २०२७ च्या सुमारापर्यंत. दोघांत गुरू जास्त तेजस्वी आणि पिवळसर पांढरा. मंगळ प्रतियुतीला उणे १.२ प्रतीचा, गुरू उणे २.६ च्या आसपास (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका उणे तितकं तेज जास्त). "सगळ्यात ठळक तो मंगळ" या समजुतीने चालाल तर चार महिने चुकीच्या ग्रहाचे वेध घ्याल. मंगळ तांबूस, हे डोळ्यांनी रोज पडताळा.

गुरूचे बिंदू त्याच नकाशावर दुसऱ्या रंगाने टाका. त्याचा वक्री कंस सुमारे १० अंशांचा, मंगळाच्या जवळपास निम्मा, पण काळ चार महिन्यांचा. ग्रह जितका दूर तितकं पृथ्वीच्या फेरीने त्याचं हलणं कमी दिसतं आणि जितका संथ तितका जास्त काळ तो मागे जाताना दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मिळण्याची ही संधी आहे. मार्चच्या अखेरीस मंगळ मागे येत येत गुरूपासून चार-एक अंशांवर पोचेल, पण त्याला गाठण्याआधीच थबकेल.

शुक्र आणि बुध या पद्धतीला सोयीचे नाहीत. ते वक्री असतात तेव्हा पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये येतात, म्हणून वळणाचा मधला भाग सूर्यप्रकाशातच जातो.

## ७. बिंदूंपासून वक्री-मार्गी तारीख काढणं

इथे घाई नडते. थबकण्याच्या दिवशी मंगळाची जागा पाहून "आज वक्री झाला" असं म्हणता येत नाही. त्या आठवड्यात तो अर्धा अंशही हलत नाही, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीहूनही कमी.

त्याऐवजी असं करा. प्रत्येक बिंदूपासून क्रांतिवृत्तावर लंब टाका आणि मघेपासूनचे अंश वाचा. आलेख कागदावर आडव्या रेषेत तारखा आणि उभ्या रेषेत अंश घेऊन बिंदू मांडा, हाताने सलग वक्र काढा. मग वळणाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंशांवर येणाऱ्या दोन तारखा शोधा. समजा डिसेंबरच्या अखेरीला मंगळ अधिक साडेनऊवर होता आणि वळून पुन्हा जानेवारीच्या उत्तरार्धात तिथेच आला. या दोन तारखांच्या बरोबर मधली तारीख म्हणजे थबकण्याची तारीख. अशा तीन-चार जोड्या घेऊन सरासरी काढली तर नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधांवरूनही उत्तर दोन-चार दिवसांत बसतं.

तपासणी: आलेख मघेच्या शून्यरेषेला तीनदा छेदायला हवा: नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीस, फेब्रुवारीत प्रतियुतीच्या वेळीच आणि मे २०२७ च्या मध्यास. दोनदाच छेदला असेल तर तुम्ही उशिरा सुरुवात केलीत. म्हणून दिवाळी आटोपली, धूर बसला की पहिला वेध घ्या, जानेवारीची वाट पाहू नका.

नकाशावर मात्र हे तीन छेद एका जागी येणार नाहीत. फेब्रुवारीत मंगळ मघेच्या जवळपास चार अंश उत्तरेला असेल, पहिल्या आणि तिसऱ्या वेळी बराच जवळ. मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पावणेदोन अंशांहून थोडी जास्त कललेली आहे आणि जवळ आला की तो कल मोठा दिसतो. त्यामुळे मार्ग स्वतःवरून परत न येता फास टाकतो. तुमचे बिंदू एकाच रेषेवर पुढे-मागे गेलेले दिसले तर तुम्ही फक्त पूर्व-पश्चिम मोजलंत, उत्तर-दक्षिण विसरलात.

## ८. पंचांगाशी ताळा, सगळ्यात शेवटी

आलेख पुरा झाल्यावरच पंचांग उघडा. त्यात मंगळ पूर्वा फाल्गुनीत वक्री होऊन मघेतून मागे येत आश्लेषेत, म्हणजे कर्क राशीत मार्गी झालेला दिसेल. तुमच्या नकाशावर तो शेवटपर्यंत सिंहातच आहे. यात पंचांगही चूक नाही आणि तुम्हीही नाही. पंचांगातल्या राशी ३० अंशांच्या सारख्या भागांच्या, नकाशातल्या सीमा ताऱ्यांच्या आकृत्यांभोवती आखलेल्या, लहान-मोठ्या.

अंशांचा ताळा करताना सायन-निरयण पाहून घ्या: सायन मोजणी वसंतसंपातापासून होते, निरयण ताऱ्यांमधल्या स्थिर बिंदूपासून. आपली बहुतेक पंचांगं निरयण, परदेशी कोष्टकं सायन, आणि दोन्हींत सध्या सुमारे २४ अंश १४ कलांचा फरक. मघा तारा निरयण मोजणीत सिंहेच्या ६ अंशांजवळ आहे. तेवढे मिळवून तुमचे आकडे थेट तपासता येतात: अधिक १० म्हणजे सिंहेचे १६ अंश, उणे ९ म्हणजे कर्केचे २७. अंशाभराच्या आत बसलात तर वेध उत्तम.

नकाशा, आलेख आणि दोऱ्याच्या रेषा असलेले कच्चे कागद एकत्र ठेवा. पुढची प्रतियुती २५ मार्च २०२९ ला, कन्या राशीत. तेव्हाही प्रमाण एका अंशाला एक सेंटीमीटर हेच घ्या, म्हणजे ट्रेसिंग कागदावर एक वळण दुसऱ्यावर ठेवून दोन्हींचे आकार थेट ताडून पाहता येतील.